सरळ केलेला माणूस

टिपणिसांच्या घराण्यात माफी मागायची पद्धत नाही. दुरुस्ती करायची पद्धत आहे. प्रभाकर टिपणिसांचे वडील एकदा विनाकारण आईवर ओरडले, तर तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात नवं फडताळ आलं. 'चुकलो' हा शब्द काही आला नाही. खुद्द प्रभाकररावांनी तेहतीस वर्षांच्या संसारात मनिषाताईंचं मन जितक्या वेळा दुखावलं, तितक्या वेळा घरातला एखादा नळ, कडी नाहीतर बिजागरी नवी झाली. पनवेलजवळच्या सुकापूरच्या त्यांच्या 'शुभारंभ' सोसायटीत टिपणिसांइतकं सुस्थितीतलं घर दुसरं नव्हतं. यावरून काय तो अंदाज ज्याने त्याने करावा.

यंदाचं प्रकरण मात्र बिजागरीवर भागणारं नव्हतं. दिवाळीच्या फराळाला साडू आले होते. त्यांनी सहज विचारलं, "पूर्वी सध्या काय करते?" पूर्वी म्हणजे प्रभाकररावांची एकुलती एक मुलगी. वय सत्तावीस. चांगली नोकरी सोडून ती टॅरोची, म्हणजे भविष्य सांगायच्या पत्त्यांची, पानं वाचायला शिकली होती आणि यापुढे हेच आपलं काम, असं तिने घरात जाहीर केलं होतं. प्रभाकरराव चकली मोडत म्हणाले, "काय करणार? पत्ते पिसते." सगळे हसले. साडू तर ठसका लागेपर्यंत हसले. पूर्वीने हातातली करंज्यांची ताटली टेबलावर ठेवली आणि ती आत निघून गेली.

त्या दिवसापासून ती वडिलांशी कामापुरतं बोलू लागली. "बाबा, फोन आहे." "बाबा, सिलिंडर आलाय." भांडण नाही, आदळआपट नाही, आणि हेच वाईट होतं. एरवी ती बाहेरून आली की सोफ्यावर पाय घेऊन बसायची आणि दिवसभरात कोण काय बोललं ते नकला करून सांगायची. ते बंद झालं. प्रभाकररावांना हे फार लागलं होतं. इतकं, की त्यांनी दिवाळी ते संक्रांत या काळात तीन नळ आणि न्हाणीघराचं दार बदललं. पण पोरीने नव्या दारातून ये-जा केली, चकार शब्द काढला नाही.

आणि मग माघात संधी चालून आली. सोसायटीच्या दर्शनी बाजूचा एक गाळा पूर्वीने भाड्याने घेतला. येत्या रविवारी उद्घाटन. त्याआधीचा आठवडा तिला शिकवणीसाठी पुण्याला जायचं होतं. निघताना ती आईला म्हणाली, "बोर्डाचं मी आल्यावर बघते, उद्घाटनाला नसला तरी चालेल. साधाच करायचाय. एकच पान, आणि खाली माझं नाव. चित्र तुझ्या फोनवर पाठवून ठेवलंय." प्रभाकरराव पलीकडे वर्तमानपत्र वाचत होते, म्हणजे ऐकत होते. बोर्ड! चौतीस वर्षं सरकारी कचेरीत नकाशे काढलेल्या माणसाला बोर्ड म्हणजे काय हो? रविवारी पोर येईल, मान वर करून बघेल, आणि सगळं मिटेल. रिक्षा गेटबाहेर पडायच्या आत त्यांनी पेन्सिलीला टोक केलं होतं.

मग त्यांनी मनिषाताईंच्या फोनवर ते चित्र पाहिलं.

चित्रात एक खांब होता. खांबाला वर आडवं लाकूड. त्या लाकडाला एक तरुण माणूस एका पायाने उलटा टांगलेला. दुसरा पाय गुडघ्यात दुमडून मागे घेतलेला, इंग्रजी चारचा आकडा काढावा तसा. हात पाठीमागे. लाल विजार, निळा सदरा, डोक्याभोवती पिवळं वर्तुळ. चौतीस वर्षांत प्रभाकररावांनी नाना तऱ्हेचे आराखडे पाहिले होते, पण असा नाही. सर्वांत खटकला तो त्या इसमाचा चेहरा. पायाला दोरी, डोकं खाली, आणि तोंडावर भाव असे, की जणू पासबुक भरायला बँकेत आलाय आणि रांग लहान आहे.

"हा मेलाय की जिवंत आहे?" त्यांनी विचारलं.

"मला काय माहीत?" मनिषाताई म्हणाल्या. "पोरीला फोन करून विचारा."

पण फोन करायचा म्हणजे बोलायचं, आणि बोलायचं म्हणजे कुठून सुरुवात करायची हा प्रश्न. शिवाय चित्र वाचायला प्रभाकर टिपणिसांना दुसऱ्याची मदत कशाला? त्यांनी फोन खिशात घातला आणि शेजारच्या वहाबभाईंची बेल वाजवली.

वहाबभाई वीस वर्षं कुवेतला स्टोअरकीपर होते. त्यामुळे जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांच्याकडे एक कुवेतचं उदाहरण असे. त्यांनी चष्मा लावून चित्र पाहिलं, चष्मा काढून पाहिलं आणि म्हणाले, "तौबा तौबा. टिपणीस, हा कोण? याचा गुन्हा काय?"

"टॅरोचं पान आहे. पूर्वीला बोर्डावर हवंय."

"मियाँ, कुवेतला हा बोर्ड लावला असता ना, तर दुसऱ्या दिवशी याच्या बाजूला मी लटकलेलो दिसलो असतो." त्यांनी आत बघून हाक मारली, "बिल्कीस, जरा ये गं, हे बघ." बिल्कीसभाभी आल्या, त्यांनी पाहिलं आणि "आधी त्या बिचाऱ्याला सोडवा," एवढं बोलून त्या परत गेल्या. तरीही परवानगीच्या कामात मी तुमच्याबरोबर आहे, असं वहाबभाईंनी छातीवर हात ठेवून सांगितलं. प्रभाकररावांना त्यांचा शब्द फार मोलाचा वाटला.

परवानग्या दोन लागणार होत्या. पहिली सोसायटीची. 'शुभारंभ'चे चेअरमन दीपेश घरत. ज्या भाताच्या शेतावर सोसायटी उभी होती ते त्याच्या आजोबांचं, त्यामुळे निवडणूक कशी का होईना, चेअरमन दीपेशच असे आणि कुणाची तक्रारही नसे. मंगळवारी संध्याकाळी कमिटी जमली. प्रभाकररावांनी चित्र मोठं करून छापून आणलं होतं, तेही पुठ्ठ्यावर चिकटवून. ते त्यांनी टेबलावर उभं केलं.

पहिली हरकत तिसऱ्या मजल्यावरच्या कोमल मॅडमची. त्यांचा मुलगा आधीच कंपाउंडच्या ग्रिलला उलटा लटकतो. आता त्याला सोसायटीचाच पाठिंबा मिळेल. दुसरी हरकत, फ्लॅट विकायला काढलेल्या एका सभासदाची: गिऱ्हाईक गेटवरूनच परत जाईल. एका आजींनी आठवण करून दिली, की झाडाला उलटा लटकतो तो वेताळ आणि तोही अमावास्येला, रोज नव्हे. वास्तुशास्त्र जाणणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलं की याचं डोकं नक्की दक्षिणेला येतं का. प्रभाकररावांनी नम्रपणे सांगितलं, की डोकं खाली येतं. त्यावर त्या गृहस्थांनी 'खाली' या दिशेचा ग्रंथात उल्लेख नाही असं म्हणून मान हलवली.

शेवटी दीपेश खुर्चीत पुढे सरकला. "काका, तुमी आमचेच. पूर्वी आमची बहीन. आमची हरकत नाय. पन आपल्या पनवेलमधी बोर्ड म्हटला की मानूस कसा असतो? हसत असतो, हात जोडून असतो, नायतर गॉगल घालून असतो. उलटा मानूस कुटं बघितलाय तुमी?"

प्रभाकररावांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. नव्हता बघितला.

"मंग सरळ करा ना त्याला. काय जातंय?"

बघा, मोठमोठ्या सभांना जे जमत नाही ते इथे दहा मिनिटांत झालं. ठराव लिहून निघाला: 'श्री. टिपणीस यांच्या बोर्डावरील इसम सर्वानुमते सरळ करण्यात यावा.' सूचक, अनुमोदक, सह्या, सगळं. फक्त जाता जाता दीपेशने एक बारीकशी विनंती केली. बोर्डाखाली 'शुभेच्छुक' म्हणून कमिटीचे फोटो आले तर बरं दिसेल. सातच तर आहेत. पनवेलात वाढदिवस असो की दहावीचा निकाल, खाली शुभेच्छुकांची रांग नसली तर फ्लेक्स उघडावाघडा वाटतो, हे प्रभाकररावही जाणून होते. त्यांनी होकार दिला.

बुधवारी ते केतनच्या फ्लेक्सच्या दुकानात गेले. केतनने संगणकावर चित्र उघडलं, ठराव वाचला आणि एका बोटाने त्या माणसाला सरळ करून टाकलं.

आता पाहा काय झालं. आडवं लाकूड गेलं खाली, त्याचं झालं स्टेज. माणूस त्याच्यावर एका पायावर उभा, दुसरा पाय दुमडून गिरकी घेतल्यासारखा. हात मागे, ऐटीत. डोक्याभोवतीचं पिवळं वर्तुळ वर गेलं आणि थेट स्टेजवरच्या दिव्यासारखं दिसू लागलं. उलटा असताना खाली लोंबणारे केस आता ताठ उभे राहिले होते, पण हल्ली मुलं तसे ठेवतातच. चेहरा तोच, निवांत. पानावर खाली इंग्रजीत काहीतरी नाव होतं, ते वर उलटं आलं, म्हणून केतनने कापून टाकलं.

"मस्त दिसतोय, काका," केतन म्हणाला. "आधी कुणीतरी चुकून उलटा छापलेला."

हे प्रभाकररावांना तंतोतंत पटलं. छापखान्यातल्या चुका त्यांना काही नव्या नव्हत्या. पुण्यामुंबईकडे शेकडो लोक हे पान उलटं वाचत बसले असतील आणि एका निवृत्त ड्राफ्ट्समनने ते सुकापुरात सरळ केलं, याचा त्यांना मनोमन अभिमान वाटला. मधोमध नाव आलं, 'पूर्वी टिपणीस', आणि खाली 'टॅरो'. केतनला तो शब्द फार लहान वाटला म्हणून त्याने दोन्ही बाजूंना दोन चांदण्या घातल्या. त्याखाली सात शुभेच्छुक. दीपेशने गॉगलचा फोटो पाठवला होता.

दुसरी परवानगी बोर्डाच्या परवान्याची. अर्ज ऑनलाइन होता, म्हणजे तो भरायला प्रत्यक्ष जावं लागत होतं. वहाबभाई शब्दाला जागून बरोबर आले. अर्ज भरून देणाऱ्या दुकानात जिक्रा नावाची चटपटीत मुलगी होती. तिने 'व्यवसायाचा प्रकार' हा रकाना उघडला. किराणा होता, केशकर्तनालय होतं, पिठाची गिरणी होती, मत्स्यविक्री ओली आणि सुकी अशी वेगवेगळी होती. टॅरो नव्हतं.

"इतर?" प्रभाकररावांनी विचारलं.

"'इतर' घेतलं तर अर्ज पुढे जात नाही, चाचा. बोर्डाचा फोटो द्या." तिने फोटो पाहिला आणि हसली. "अहो, मग हे सोपंय की. नृत्य व कला वर्ग."

प्रभाकररावांची सदसद्विवेकबुद्धी क्षणभर चुळबुळली. पण पानं वाचणं ही कला आहे का? आहे. मग 'नृत्य व कला' यातली निम्मी गोष्ट तरी खरीच होती, आणि सरकारदरबारी निम्मं खरं म्हणजे बरंच झालं, असं वहाबभाईंचंही मत पडलं. अर्ज पुढे गेला.

शनिवारी सकाळी त्यांनी बोर्ड स्वतः लावला. शिडी घरची, ड्रिल घरचं. वहाबभाई खालून "जरा वर, जरा खाली, कुवेतला असं नसतं" असं मार्गदर्शन करत होते. अकरापर्यंत काम झालं. प्रभाकरराव रस्ता ओलांडून पलीकडे गेले, कमरेवर हात ठेवून त्यांनी बोर्ड पाहिला आणि त्यांना भरून आलं. पूर्वीचं नाव इतक्या मोठ्या अक्षरांत त्यांनी यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

साडेअकराला पहिली चौकशी आली. एक गृहस्थ स्कूटर थांबवून म्हणाले, "गॅदरिंगसाठी आमच्या भाविकाला घालायचंय. मुलगी चौथीत आहे. कधीपासून?"

"कशाला घालायचंय?"

"डान्सला."

प्रभाकररावांनी सांगितलं, की इथे डान्स नाही. गृहस्थांनी बोर्डाकडे बोट दाखवलं. प्रभाकररावांनीही वर पाहिलं. "रविवारी मॅडम येतील, त्यांना विचारा," असं म्हणून त्यांनी नाव लिहून घेतलं. त्यानंतर महिला मंडळाच्या तिघी आल्या. मग गुडघेदुखीवाले एक जण आले. त्यांना डॉक्टरांनी हालचाल सांगितली होती, पण एका पायावर उभं राहणं सक्तीचं आहे का, एवढंच विचारायचं होतं. दुपारी एका बाईंनी तर प्रभाकररावांना आपादमस्तक न्याहाळून विचारलं, "सर तुम्हीच का?" आणि उत्तराची वाट न पाहता "या वयात, कमाल आहे हो," असं म्हणाल्या. प्रभाकररावांनी पोट आत घेतलं. संध्याकाळपर्यंत वहीत चौदा नावं झाली. काहीतरी चुकतंय असं त्यांना मधूनमधून वाटत होतं, पण चौदा माणसं चुकतात आणि आपण बरोबर असतो असं क्वचितच घडतं, असा विचार करून ते शांत झोपले.

रविवारी दहाला पूर्वीची रिक्षा आली. गाळ्यासमोर चौदापैकी बारा जण हजर होते. एकाने स्पीकर आणला होता. कमिटी आपापल्या फोटोखाली उभी होती. पूर्वी उतरली, तिने गर्दी पाहिली, मग मान वर केली, आणि प्रभाकरराव ज्या क्षणाची आठवडाभर वाट पाहत होते तो आला.

स्पीकरवाल्याने हळूच आवाज बंद केला.

"बाबा, तुम्ही याला सरळ केलंत?"

"सर्वानुमते," प्रभाकरराव म्हणाले. दिवाळीनंतर ती प्रथमच कामाव्यतिरिक्त काही बोलली होती, हे त्या धांदलीतही त्यांच्या लक्षात आलं.

पूर्वीने पर्समधून गठ्ठा काढला, त्यातून ते पान शोधलं आणि वडिलांच्या हातात ठेवलं. माणूस उलटा.

"तो असाच असतो. त्याला कुणी टांगलेलं नाही, बाबा, तो स्वतःहून लटकलाय. हा खांब बघा, याला पालवी आहे, हे जिवंत झाड आहे. डोक्याभोवती उजेड आहे. कारण त्याला काहीतरी कळलंय, जे सरळ उभं राहून कळत नव्हतं. माणूस सतत काही ना काही करत असतो ना, हे ठोक, ते दुरुस्त कर. हे पान म्हणतं, थांब. हात मागे घे. थोडा वेळ काहीही करू नको, आणि समोरच्याला उलट्या बाजूने बघ." तिने बोर्डाकडे बोट केलं. "म्हणून मला तो हवा होता. माझ्याकडे येणारा माणूस दारातच थांबावा म्हणून."

"आणि सरळ केला तर?" मनिषाताईंनी विचारलं.

"तर अर्थ फिरतो. मग तो थांबायला तयार नसलेला माणूस होतो. नको तिथे धडपड करतो, कुणी न सांगता राबतो, आणि एवढं केलं तरी कुणाला किंमत नाही म्हणून मनात कुढतो. समोरच्याला काय हवंय ते तेवढं विचारत नाही."

मनिषाताईंनी बोर्डाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. "मग चुकलंय कुठे? यांचाच फोटो आहे की."

कमिटी हसली. वहाबभाई हसले. चौथीतली भाविकासुद्धा हसली, काही न कळता. दिवाळीत अख्खं घर पोरीला हसलं होतं, आज अर्धं सुकापूर बापाला हसत होतं, आणि प्रभाकररावांचे कान गरम झाले. अशा वेळी माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. ते तडक शिडी घेऊन आले. "दहा मिनिटांत उलटा करून देतो!" ते दोन पायऱ्या चढलेसुद्धा.

"बाबा, खाली उतरा," पूर्वी म्हणाली.

"अगं, चारच स्क्रू—"

"नको. काहीच करू नका. प्लीज. इथे बसा."

तिने गाळ्यातून प्लॅस्टिकची खुर्ची आणून बाहेर ठेवली आणि ती आत गेली. प्रभाकरराव बसले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. शटरची पट्टी सैल होती, ती दिसत होती. पायरीची एक फरशी हलत होती, तीही दिसत होती. जवळ पेचकस होता. गर्दीतले काही घरी गेले, काही काय होतंय ते बघायला थांबले. वहाबभाई येऊन म्हणाले, "टिपणीस, कुवेतला एकदा—" आणि त्यांचा चेहरा बघून न बोलताच शेजारी उभे राहिले.

तेवढ्यात शेजारच्या विचुंबे गावाहून एक बाई आल्या. पन्नाशीच्या, अंगावर चांगली साडी, हातात रिकामी पिशवी. बोर्डाकडे एकदा बघून त्या सरळ आत शिरल्या. शटर अर्धं खाली होतं, त्यामुळे बाहेर खुर्चीवर सगळं ऐकू येत होतं.

"हितं नाचाला शिकवतान काय?"

"नाही हो, मावशी. बोर्ड जरा चुकलाय. पण बसा ना. उन्हातून आलात, पाणी घ्या."

भांड्याचा आवाज आला. मग बाई बोलू लागल्या. त्यांचं नाव जनी. पुढच्या रविवारी मुलाचं, निकेशचं लग्न, आणि आदल्या दिवशी हळद. "आमची हलद तुना ठावं हाय ना, पोरी? आख्खा गाव नाचतंय. निकेश बोलतंय, आये, तू नाच. मना नाचाचा हाय. पन येत नाय."

"कधीच नाचला नाहीत?"

प्रभाकररावांना वाटलं आता ती पानं पिसणार, काहीतरी भविष्य सांगणार. पूर्वी नुसती थांबली होती.

"खोटा कशाला बोलू," जनीबाई हळूच म्हणाल्या. "येतंय मना. लग्नाच्या आदी आख्ख्या गावान मीच पयली. निकेशचा बापूस जाऊन दोन वर्सां झाली. आता मांडवान नुसती उबी रायली तरी बाया तोंडाकडं बगतान. म्हनून बोल्लू, कलासला जावा. कलासची बाई बोलली नाच, तं मंग नाचाला लागतंय ना."

पूर्वीने त्यांच्या हातात काहीतरी दिलं असावं, कारण जनीबाई म्हणाल्या, "ह्यो तं बाहेरचाच. याला उलटा बांधलाय?" मग थोडं थांबून, "आनि असा फिरवला का नाचतंय. पन बग ना, कसाबी धरला तरी याचा तोंड सारकाच हाय. बगनाऱ्याला वाटतंय लटकला. याला नाय वाटत."

"नाही वाटत," पूर्वी म्हणाली. "जनीमावशी, निकेशच्या हळदीला तुम्ही नाचा."

एवढंच. ना ग्रह, ना तोडगा, ना भविष्य. जनीबाई आधी रडल्या आणि मग मोठ्याने हसल्या. पदराने तोंड पुसत त्या बाहेर आल्या, खुर्चीवरच्या माणसाला "हलदीला या, आख्ख्या घरान या," असं आमंत्रण देऊन उन्हात चालू लागल्या.

प्रभाकरराव बसून राहिले. या बाईला नाच येत होता. तिला फक्त कुणीतरी एक वाक्य बोलायला हवं होतं, आणि ते ऐकायला ती विचुंब्यापासून चालत आली होती. आणि आपली पोर ते वाक्य ओळखून बोलली होती. याला ते पत्ते पिसणं म्हणाले होते, साडूसमोर, चकली खात. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की क्षणभर त्यांना कुठेच बघवेना. पूर्वीलाही एक वाक्यच हवं होतं. तिला बोर्ड नको होता, न्हाणीघराचं दार तर नकोच होतं.

ते उठले. पेचकस खुर्चीवर ठेवला, वाकून शटरखालून आत गेले आणि जनीबाई बसल्या होत्या त्या जागी बसले. पूर्वीने पानं आवरता आवरता वर पाहिलं.

प्रभाकररावांनी घसा खाकरला. चौतीस वर्षं कचेरीत त्यांनी हरतऱ्हेची पत्रं लिहिली होती, पण या विषयाचा मसुदा त्यांच्याकडे नव्हता. "दिवाळीच्या फराळाच्या वेळी," त्यांनी सुरुवात केली, "माझ्याकडून जे विधान केलं गेलं..." आणि ते थांबले. हे काही बरोबर नव्हतं.

"मी सगळ्यांसमोर तुझ्या कामाला हसलो," ते म्हणाले. "ते चुकलं. माझं चुकलं, पूर्वी."

टिपणिसांच्या घराण्यात हा शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला होता. तो म्हणताना काहीच मोडलं नाही, याचं त्यांना आश्चर्य वाटलं. पोरीचे डोळे भरले होते. सवयीने प्रभाकररावांचा हात बाहेरच्या दिशेने उठला. "तो बोर्ड मी आत्ता—"

"राहू दे, बाबा. एवढंच हवं होतं."

त्यांनी हात मागे घेतला. मग पूर्वीने खुर्चीत पाय वर घेतले आणि पुण्याच्या शिकवणीत तिच्या शेजारी बसणाऱ्या एका बाई कशा बोलायच्या, त्याची नक्कल सुरू केली.

बाहेर दीपेशचा धीर सुटत चालला होता. नारळ त्याच्या हातात होता आणि मुहूर्त टळत होता. त्याने शटरखालून आत डोकावायचा प्रयत्न केला, तेव्हा मनिषाताईंनी त्याला दंडाला धरून मागे ओढलं.

"काकू, आत चाललंय काय? उद्घाटन करायचंय ना?"

मनिषाताईंनी पदराने डोळे टिपले. "जरा दम धर, दीपेश. आत गिऱ्हाईक बसलंय," त्या म्हणाल्या. "जुनं गिऱ्हाईक आहे. वेळ लागेल."